कोलकात्याची जलपर्णी

कोलकात्याला पोस्टिंग झाली त्या पावसाळ्यात एका रविवारी शहराच्या पूर्वेकडच्या पाणथळ भागात गेलो होतो. तिथल्या मत्स्यतळ्यांच्या कडेने बांबू बांधून जलपर्णी मुद्दाम अडवून ठेवलेली पाहिली आणि चक्रावलो. खडकवासल्याला कॅडेट असताना लिबर्टीवर पुण्यात गेलं की मुठेवर हीच हिरवी गोधडी दिसायची, लोक नाकाला रुमाल लावून पूल ओलांडायचे. इथे ती राखतात? लाटांनी बांध ढासळू नये म्हणून, असं एका मच्छीमाराने सांगितलं. तिची मुळं पाण्यातले जड धातूही शोषतात. पण कडेपुरतीच, सगळं तळं व्यापलं तर मासा गुदमरतो.

बंगालीत हिला कचुरीपाना म्हणतात. मूळ घर ॲमेझॉनचं खोरं. तिथे ती खाणारे भुंगेरे आहेत, त्यामुळे आटोक्यात राहते. फिकट जांभळ्या फुलावर मोरपिसासारखा डोळा असतो. त्या फुलाच्या मोहाने माणसांनीच तिला जगभर नेलं. भुंगेरे मागे राहिले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ती बंगालमध्ये आली आणि काही दशकांत नद्या, खाल, भातशेती सगळं व्यापून बसली. होड्या अडकल्या, पीक बुडालं.

पहिल्या महायुद्धात अफवा उठली की हे जर्मनांचं काम, म्हणून नाव पडलं ‘जर्मन पाना’. (गंमत म्हणजे आयकॉर्निया हे शास्त्रीय नाव खरोखरच आयकहॉर्न या प्रशियन मंत्र्यावरून दिलेलं आहे. अफवेला तेवढाच आधार!) शत्रू शोधायची घाई फक्त फौजेलाच असते असं नाही. पुढे 1921 साली सरकारने जगदीशचंद्र बोस यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. 1936 मध्ये कायदाच झाला: जलपर्णी बाळगणं गुन्हा, आपल्या जमिनीतली काढणं मालकाचं कर्तव्य. 1937 च्या निवडणुकीत तर ती हटवण्याची आश्वासनं दिली गेली. हटली मात्र नाही. तिचं बी चिखलात पंधरा-वीस वर्षं जिवंत राहतं.

एका विजय दिवसाला, 16 डिसेंबरला, फोर्ट विल्यममध्ये (आता विजयदुर्ग, नाव आपल्या कोकणातल्या किल्ल्याचं) बांगलादेशातून मुक्तियोद्धे आले होते. त्यातल्या एका वृद्ध पाहुण्याशेजारी जेवायला बसलो. सहज कचुरीपान्याचा विषय निघाला आणि ते खुलले. 1971 च्या पावसाळ्यात डोक्यावर पान्याचा पुंजका घेऊन, नाकापर्यंत पाण्यात राहून ते नदी ओलांडत. पुरात असे पुंजके शेकड्याने वाहतात. पहारेकऱ्याला त्यात माणूस कसा दिसणार? पोहायचं मात्र प्रवाहाच्याच वेगाने, कारण जरा घाई केली की पुंजका उघडा पाडणार. त्यांच्या एका सोबत्याने तशी घाई केली. त्याबद्दल ते अधिक बोलले नाहीत, मीही विचारलं नाही.

थोड्या वेळाने मी म्हटलं, काका, आता गावच्या तळ्यात पाना दिसला तर काय वाटतं?

ते म्हणाले, वाटायचं काय, उपटून काढतो. भातात शिरतो.