नाक्यावरचा प्रश्न

साकीनाक्याला अंधेरी-कुर्ला रस्त्याला साकी विहार रस्ता येऊन मिळतो, तेथून जवळच एक चहाचे दुकान आहे. सकाळी साडेसातला तेथे आम्ही पाचसहाजण न चुकता जमतो. लेथवर सारी उमर घालविलेले एक निवृत्त काका, एक रिक्षावाला, औषधाच्या दुकानातला एक नोकर, शाळेला निघालेला मी आणि आणखी एकदोघे. रोज पाळीपाळीने एकाने एक प्रश्न आणावयाचा. चहा संपेपर्यंत उत्तर आले नाही, तर विचारणाऱ्याचा चहा फुकट. खिशातला फोन काढून उत्तर पाहील त्याने सर्वांच्या चहाचे पैसे भरावयाचे. नियम एवढेच. बाकी गप्पांना नियम नाही.

परवा रिक्षावाल्याने मलाच विचारले, "मास्तर, ही प्रश्न विचारायची खोड माणसाला लागली कधी?" माझा चहा संपला, पण उत्तर काही आले नाही. तेव्हा हा लेख म्हणजे त्या दिवशी हरलेल्या चहाची परतफेड समजावी.

वाचकहो, ही खोड फार जुनी आहे; आणि मुळात ती जिवावरची होती. वनपर्वातला यक्ष आपणां सर्वांना ठाऊक आहे. त्याच्या प्रश्नांना न जुमानता तळ्याचे पाणी प्यालेले चार पांडव काठावर निश्चेष्ट पडले. धर्मराजाने सगळी उत्तरे दिली, तेव्हा यक्ष म्हणाला, एका भावाचे प्राण माग. धर्मराजाने भीम मागितला नाही, अर्जुन मागितला नाही. माद्रीचा एक तरी मुलगा जगावा म्हणून नकुल मागितला. चौघेही उठले, ते या न्यायबुद्धीमुळे. नुसत्या पाठांतराने ते उठले नसते. वेताळाची अट याहून विचित्र. उत्तर ठाऊक असून विक्रम गप्प राहिला, तर त्याच्या मस्तकाची शकले होणार. आणि बोलला, तर प्रेत पुन्हा झाडावर! पण त्यामुळेच तर पुढची गोष्ट निघाली.

आपल्या घरांत हाच खेळ सौम्य झाला. 'उखाणा' म्हटले की आज आपल्याला नवऱ्याचे नाव घेणारी सासुरवाशीण आठवते; पण उखाण्याचा जुना अर्थ कोडे असाही आहे. शाहिरांनी त्याला पुन्हा धार लावली. कलगीवाले शक्तीला श्रेष्ठ मानणारे, तुरेवाले शिवाला. एकाने भेदिक लावणीत पुराणातला कूटप्रश्न घालावयाचा, दुसऱ्याने त्याच डफावर जबाब द्यावयाचा. रात्र सरे, पण सवाल सरत नसत. अक्षरशत्रू श्रोत्यांनाही पुराणे तोंडपाठ झाली ती अशा सामन्यांतून. कोकणातला शक्ती-तुरा मुंबईतल्या चाकरमान्यांनी आजही जिवंत ठेवला आहे.

मग प्रश्नांनी पोशाख बदलला. 1967 साली कलकत्त्यात नील ओब्रायन यांनी घेतलेली प्रश्नमंजूषा ही या देशातली पहिली खुली प्रश्नमंजूषा मानली जाते. 1972 साली बोर्नव्हिटाची स्पर्धा रेडिओवर आली. हमीद सयानी प्रश्न विचारीत. 1975 साली ते वारले, आणि त्यांचे धाकटे बंधू अमीन सयानी यांनी ती धुरा उचलली. पुढे 1992 साली ती स्पर्धा दूरदर्शन-संचावर गेली, तेव्हा प्रश्नकर्ते होते नील ओब्रायन यांचेच चिरंजीव डेरेक. हे सारे मुख्यतः इंग्रजीत चाले. मराठी शाळेतल्या मुलाला उत्तर येत असे, पण प्रश्नच कळत नसे. त्याचे ते गप्प बसणे अज्ञानाचे नव्हते, हे ध्यानात ठेवले पाहिजे.

ती कोंडी 3 जुलै 2000 रोजी फुटली. 'कौन बनेगा करोडपती' सुरू झाले आणि अमिताभ बच्चन घराघरांत हिंदीतून प्रश्न विचारू लागले. त्याच वर्षी पहिला करोडपती झाला तो मुंबईचा मराठी तरुण, हर्षवर्धन नवाथे. 2013 साली सचिन खेडेकर हेच प्रश्न मराठीतून विचारू लागले. आणि 2019 साली अमरावती जिल्ह्यातल्या बबिता ताडे यांनी एक कोटी रुपये जिंकले. शाळेत मुलांसाठी खिचडी शिजवावयाची आणि महिना दीड हजार रुपये मिळवावयाचे, हे त्यांचे काम. त्या रात्री आमच्या परिसरात किती स्वयंपाकघरांतून बाया बाहेर येऊन संचासमोर बसल्या, ते मी पाहिले आहे.

अशा फुटकळ माहितीला इंग्रजीत 'ट्रिव्हिया' म्हणतात. या शब्दाचे मूळ लॅटिन आहे. त्यात तीन वाटा एकत्र येण्याची जागा, म्हणजे आपला तिठा, दडलेला आहे. आमचा नाका तरी निराळा काय आहे? एक वाट अंधेरीला, एक कुर्ल्याला, एक पवईला.

आता उत्तरे प्रत्येकाच्या खिशात आहेत. मग रोज जमावयाचे कशाला? याचे उत्तर मला आमच्या काकांनी दिले. गेल्या पावसाळ्यात त्यांनी विचारले, "16 एप्रिल 1853 ला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी गेली. तिला तीन इंजिने होती. नावे सांगा." 'साहिब' आणि 'सिंध' ही दोन निघाली, तिसरे काही निघेना. "उद्या सांगतो," म्हणून काका गेले ते आलेच नाहीत. त्यांच्या डोळ्याचे ऑपरेशन झाल्याचे मागाहून कळले. आठ दिवस आम्ही रोज तोच प्रश्न चघळत होतो. कोणी फोन काढला नाही. नवव्या दिवशी काका डोळ्याला हिरवी पट्टी बांधून आले आणि बाकावर टेकण्याआधीच म्हणाले, "काय, निघाले का तिसरे?"

"नाही!" आम्ही एका सुरात म्हणालो.

"सुलतान!" काका म्हणाले, आणि त्यांनी आपला फुकटचा चहा हाती घेतला.

खरे सांगावयाचे तर सुलतान मला पहिल्याच दिवशी ठाऊक होता. मुलांना मी तो दरवर्षी शिकवितो. ठाऊक असूनही नऊ दिवस मी गप्प राहिलो, आणि माझ्या मस्तकाची काही शकले झाली नाहीत. रिक्षावाल्याकडे पाहिले, तर तोही गालांतल्या गालांत हसत होता.