चार बैल, पुढे घोडी आणि बारा सेकंद: जुन्नर-आंबेगावची बैलगाडा शर्यत नेमकी असते कशी?

चैत्र सुरू झाला की जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूर, मावळ या भागात गावोगावच्या यात्रा लागतात. प्रत्येक यात्रेची आपली एक ओळख असते. नगर-कल्याण महामार्गावरचं आणे गाव म्हटलं की रंगदास स्वामींच्या पुण्यतिथीची आमटी-भाकरी आठवते. पण या पट्ट्यातल्या कितीतरी गावांत यात्रा म्हणजे आधी घाट, मग बाकी सगळं.

इथला 'घाट' म्हणजे डोंगरातला रस्ता नव्हे. ती चढाची मातीची धावपट्टी. दोन्ही बाजूंना उंचवट्यावर माणसं बसतात. गाड्याला चार बैल: दोन गाड्याला, दोन त्यांच्या पुढे. त्यांच्याही पुढे घोडी आणि तिच्यावर स्वार. गाड्यावर मात्र कुणीच बसत नाही. सुरुवातीला माणसं बैल धरून ठेवतात, सोडले की बैल घोडीमागे सुसाट सुटतात. एका वेळी एकच गाडा पळतो, त्याला 'बारी' म्हणतात. लढत असते ती घड्याळाशी. चांगली बारी अकरा-बारा सेकंदांत संपते आणि त्या दिवशी सगळ्यात वेगवान ठरलेला गाडा 'घाटाचा राजा'. लाऊडस्पीकरवरचं 'भिर्रर्र' आणि 'झाली, झाली' हे रील्समुळे आता ज्यांनी कधी घाट पाहिला नाही त्यांनाही पाठ झालंय.

हा प्रकार सगळीकडे सारखा नाही. सातारा-सांगलीकडे बैलजोडीचे अनेक गाडे एकाच वेळी पळतात आणि गाड्यावर हाकणारा असतो. 'बकासूर'सारखे स्टार बैल त्या मैदानांतले. विदर्भात याला शंकरपट म्हणतात. अमरावती जिल्ह्यातल्या तळेगाव दशासरचा पट प्रसिद्ध आहे.

जुन्नर-आंबेगावात शर्यतीचं मूळ नवसात आहे. ग्रामदैवतापुढे गाडा पळवायचा, भंडारा उधळायचा, हे आधी. रोख बक्षीस, दुचाकी, ट्रॅक्टर हे नंतर आलं. म्हणूनच बंदी आली तेव्हा इथल्या लोकांना ती खेळावरची बंदी वाटलीच नाही, यात्रेवरची वाटली.

ती बंदी आली टप्प्याटप्प्याने. 2011 मध्ये केंद्राने खेळ-प्रदर्शनासाठी वापरायला मनाई असलेल्या प्राण्यांच्या यादीत बैल घातला. 7 मे 2014 ला सर्वोच्च न्यायालयाने जल्लीकट्टूसोबत बैलगाडा शर्यतीही बंद केल्या. बैलाचं शरीर घोड्यासारखं पळण्यासाठी बनलेलं नाही, त्याला पळवायचं तर वेदना द्यावीच लागते, हा प्राणीप्रेमी संघटनांचा मुद्दा न्यायालयाला पटला होता. हा मुद्दा हवेतला नव्हता. शेपटी पिरगाळणं, चाबूक, टोचणी हे घाटांत दिसायचं.

दुसऱ्या बाजूला गाडामालक. ट्रॅक्टर आल्यावर खिलार बैलाला शेतात काम उरलं नाही, त्याची किंमत टिकली ती घाटामुळे. शर्यत गेली तर खिलार सांभाळेल कोण, हा त्यांचा प्रश्नही खराच होता. बंदीच्या काळात काही ठिकाणी चोरून गाडे पळाले, गुन्हे दाखल झाले.

2017 मध्ये तमिळनाडूपाठोपाठ महाराष्ट्राने कायदा केला, पण मुंबई उच्च न्यायालयाने त्याच वर्षी शर्यतींना परवानगी देण्यास मनाई केली. अखेर 16 डिसेंबर 2021 ला सर्वोच्च न्यायालयाने सशर्त मुभा दिली. आंबेगाव तालुक्यातल्या लांडेवाडीत 1 जानेवारी 2022 ला शर्यत ठरली, तयारी झाली आणि कोरोनामुळे ऐनवेळी परवानगी रद्द झाली. सात वर्षं थांबलेल्यांना आणखी थांबावं लागलं! 18 मे 2023 ला पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने राज्याचा कायदा वैध ठरवला.

आता शर्यतीसाठी जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. बैलांची पशुवैद्यकीय तपासणी बंधनकारक आहे. चाबूक, काठी, विजेचा झटका यांना मनाई आहे. नियम मोडला तर दंड आणि तुरुंगवासाचीही तरतूद आहे. कागदावर हे कडक आहे. घाटात हजारोंची गर्दी असताना बैलाच्या शेपटीकडे लक्ष कोण ठेवतं, यावर मात्र सगळं अवलंबून आहे.