नोंदवहीत नसलेली मजुरी

मॉरिशसमध्ये मोका येथे महात्मा गांधी इन्स्टिट्यूट आहे. गिरमिटावर आलेल्या आपल्या पूर्वजांच्या नोंदवह्या तिथे जपून ठेवल्या आहेत. आपल्या केंब्रिजमधल्याही काही घरांनी तिथून खापरपणजोबांचा नंबर शोधून आणला आणि तो कागद चौकट करून भिंतीवर लावला. नाव, बापाचे नाव, वय, जात, उंची, गाव, जिल्हा, जहाज, कोणत्या इस्टेटीवर पाठवले, असे सगळे त्यात असते. पुढच्या काळातल्या नोंदींना फोटोही आहे. खापरपणजीची नोंद मागणारे मात्र कमी. मागितली आणि सापडली, तर ती बहुधा ‘अमक्याची बायको’ म्हणून सापडते. तिने काय काम केले आणि त्याचे तिला काय मिळाले, हे त्या वहीत पाहायला गेले तर हाती काही लागत नाही. शताब्दीच्या या स्मरणिकेत मला त्या न लिहिलेल्या मजुरीविषयी लिहायचे आहे.

आधी थोडा क्रम लावून घेऊ. २ नोव्हेंबर १८३४ रोजी ‘ॲटलस’ जहाजातून ३६ मजूर पोर्ट लुईला उतरले. ते कलकत्त्याहून आले होते. मजुरांचे हाल कानावर गेल्यामुळे १८३९ मध्ये हिंदुस्थानातून माणसे नेण्यास बंदी झाली. १८४२ मध्ये ती उठली तेव्हा कलकत्ता आणि मद्रासबरोबर मुंबई बंदरही उघडले, आणि रत्नागिरी, सावंतवाडीकडच्या आपल्या माणसांना वाट मिळाली. मुंबईहून गेलेले इतरांच्या मानाने कमीच होते. वाक्वा, ब्लॅक रिव्हर, कास्कावेल या भागांत त्यांनी वस्ती केली आणि तिथे मराठी टिकली.

सुरुवातीच्या जहाजांत बायका अगदी थोड्या होत्या. पुरुष एकटे येतात, मुदत संपली की परत जातात आणि पुन्हा भरती करण्याचा खर्च पडतो, हे मळेवाल्यांच्या आणि सरकारच्या लक्षात आले. मग प्रत्येक जहाजात पुरुषांच्या प्रमाणात किती बायका असाव्यात याचे नियम निघाले. फिजी आणि वेस्ट इंडिजकडे जाणाऱ्या जहाजांसाठी १०० पुरुषांमागे ४० बायका हे प्रमाण बरीच वर्षे चालले. म्हणजे सरकारी धोरणात बाईचा विचार होत नव्हता असे म्हणता येणार नाही. विचार झाला, पण तो पुरुष मळ्यावर टिकावा म्हणून. बाई मोजली गेली, तिचे काम मोजले गेले नाही.

मॉरिशसमध्ये तर हे उघडच झाले. तिथे १८४२ नंतर बायकांना सहसा करारच दिला जात नसे. नवऱ्याबरोबर आलेली बायको, एवढीच तिची कायद्यातली ओळख. करार नाही म्हणून तिच्या नावाने महिन्याची मजुरी नाही आणि शिधाही नाही. पुरुषाच्या करारात महिना पाच रुपये आणि तांदूळ, डाळ, मीठ, तेल असा शिधा लिहिलेला असे. त्यातच दोघांचे आणि मुलांचे भागवायचे. वर ‘दुप्पट कपात’ होती: मजूर एक दिवस गैरहजर राहिला तर दोन दिवसांची मजुरी कापायची. १८६७ च्या मजूर कायद्यातही ती कायम राहिली आणि विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकाअखेरीपर्यंत तिने लोकांना छळले. या कपातीचा घरातल्या बाईवर काय परिणाम होत असेल याचा विचार करा. मूल तापाने फणफणले तरी बापाला घरी थांबता येणार नाही, कारण दोन दिवसांचे पैसे जातील. सासू अंथरुणाला खिळली तरी तेच. मळ्यावरचे सगळे आजारपण, बाळंतपण आणि म्हातारपण बायकांच्या अंगावर पडले ते नुसत्या रूढीने नव्हे. मजुरीच्या हिशोबानेच ते त्यांच्याकडे ढकलले.

एक गोष्ट न्यायाने सांगायला हवी. करार नसल्याचा थोडा फायदाही होता. कामावर आली नाही म्हणून तिला पळपुटी ठरवून कोर्टात उभे करता येत नसे. तिने गाय पाळली, दूध विकले, खोलीमागे भाजी लावली, तोडणीच्या दिवसांत रोजावर गेली. १८८० च्या सुमारापासून इस्टेटींनी जमिनीचे तुकडे विकायला काढले आणि आपल्या लोकांनी ते घेतले. पैसा कुठून आला, असे विचारले की घरोघरी एकच उत्तर मिळते: आजीच्या पाटल्या मोडल्या. त्या पाटल्या दुधाच्या पैशांतून झाल्या होत्या हे कोणी फारसे सांगत नाही. सातबारासारखा जो कागद झाला, तो आजोबांच्या नावाने झाला.

फिजीत उलट होते. तिथे बाईलाही करारावर अंगठा उठवावा लागे. पुरुषाला दिवसाला किमान एक शिलिंग, म्हणजे बारा पेन्स, आणि बाईला नऊ पेन्स. हे कागदावरचे दर. ठरवून दिलेला कामाचा वाटा पुरा झाला नाही तर तेवढेही हातात पडत नसे. लहान मूल असलेल्या बाईचा वाटा पुरा होणे किती अवघड, हे कोणत्याही आईला सांगायला नको. म्हणजे एका वसाहतीत काम लिहिलेच नाही आणि दुसरीकडे लिहिले ते पाऊण भावाने.

गिरमिट बंद व्हावे म्हणून कायदेमंडळात ठामपणे उभे राहिले ते नामदार गोपाळ कृष्ण गोखले. त्यांचा जन्म रत्नागिरी जिल्ह्यातल्या कोतळूकचा, म्हणजे आपल्या कित्येकांच्या मूळ गावाशेजारचा. ४ मार्च १९१२ रोजी त्यांनी गिरमिटाची पद्धतच बंद करण्याचा ठराव मांडला. बाजूने २२ मते पडली, विरुद्ध ३३. ठराव पडला, पण विषय पेटला. १९१३ मध्ये फिजीतल्या कुंती नावाच्या मजूर बाईची हकीकत ‘भारतमित्र’मध्ये छापून आली आणि देशभर संताप उसळला. सरोजिनी नायडूंसारख्या स्त्रिया व्यासपीठावर आल्या. १९१७ मध्ये जहाजे थांबली आणि १९२० च्या पहिल्या दिवशी फिजीतले उरलेले करार रद्द झाले. या चळवळीचे ऋण आपल्यावर मोठे आहे. तरी जुनी भाषणे वाचताना मला एक खटकते. बाईची अब्रू हा शब्द पानोपानी येतो, बाईची मजुरी हा शब्द क्वचितच. तिला वाचवायला सगळे निघाले. नऊ पेन्सचे बारा का नाहीत, हे विचारणारे कमी होते.

तो प्रश्न विचारला गेला मुंबईत. ज्या कोकणातून एक बहीण जहाजाने मॉरिशसला गेली, त्याच कोकणातून दुसरी बोटीने गिरणगावात आली. गिरणीत काम करणाऱ्या बायका बाळंतपणाच्या अगदी आदल्या दिवसापर्यंत खात्यात उभ्या असत, आणि नंतर लवकर परत येत, कारण खाडा म्हणजे उपास. मुंबई कायदेमंडळात बाळंतपणाच्या पगारी रजेचे बिल आले तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९२८ च्या जुलैमध्ये त्याच्या बाजूने बोलले. आईला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्याच हिताचे आहे, आणि लोकांचे कल्याण ही मुळात सरकारची जबाबदारी असल्याने या खर्चाचा भार सरकारनेही उचलला पाहिजे, असा त्यांचा आशय होता. १९२९ मध्ये मुंबई इलाख्यात कायदा झाला. हिंदुस्थानातला हा अशा तऱ्हेचा पहिला कायदा. बाळंतपणाचा खर्च कोणाच्या खात्यावर टाकायचा, हे तिथे प्रथमच उघड बोलले गेले.

महाराष्ट्राने पुढे आणखी एक मोठे पाऊल टाकले. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून निघालेली रोजगार हमी योजना १९७२ च्या दुष्काळात राज्यभर पसरली आणि १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. खडी फोडण्याचे, बांध घालण्याचे काम. पण दर बाईला आणि पुरुषाला सारखा. कामावर पिण्याचे पाणी, सावली आणि मुलांसाठी पाळणाघर द्यायचे असे ठरले. पैसा उभा करण्यासाठी शहरातल्या पगारदारांवर व्यवसाय कर बसवला. प्रत्यक्षात पाळणाघर म्हणजे कित्येकदा झाडाला बांधलेली झोळी, हेही खरे. पण शंभर वर्षांपूर्वी त्याच मातीतून गेलेल्या बाईच्या मुलासाठी मळेवाल्याच्या हिशोबात झोळीलाही जागा नव्हती.

मॉरिशसमध्ये मजुरीचा झगडा रक्त सांडूनच पुढे सरकला. २७ सप्टेंबर १९४३ रोजी बेल व्ह्यू हरेल इस्टेटीवर पगारवाढीसाठी संपावर असलेल्या मजुरांवर पोलिसांनी गोळी झाडली. मेलेल्यांत अंजले कुपेन ही गरोदर बाई होती. ती तमिळ घरातली. पण तिचे नाव आपल्याही मुलांना ठाऊक असायला हवे. मग १९७० चा निर्यात क्षेत्राचा कायदा आला आणि कपड्यांचे कारखाने निघाले. आपल्या आया-मावश्या उसाच्या शेतातून शिलाईच्या मशीनवर गेल्या. हातात स्वतःचा पगार आला ही मोठीच गोष्ट. मात्र बायकांचा किमान पगार पुरुषांपेक्षा कमी ठेवला होता आणि जादा तासाला नाही म्हणायची सोय नव्हती. ती पहाटे बसमध्ये बसायची, तेव्हा मुलांना अंघोळ घालून शाळेत कोण सोडायचे? आजी. मॉरिशसच्या प्रगतीला जगाने चमत्कार म्हटले. त्या चमत्कारात आजीचा पगार किती होता, ते सांगायची गरज नाही.

आता आपण राहतो त्या गावाकडे येऊ. केंब्रिज हे नाव १९७३ चे; गॉल्ट, प्रेस्टन आणि हेस्पेलर जोडून ते झाले. यातले हेस्पेलर म्हणजे लोकरीच्या गिरणीचे गाव. दुसऱ्या महायुद्धात तिथे हात कमी पडले तेव्हा न्यूफाउंडलंडहून तरुण मुलींची भरती करून आणले. घर सोडून, पाणी ओलांडून, गिरणीच्या भोंग्यावर उठणाऱ्या त्या मुली आणि आपल्या पणज्या यांच्यात करार आणि कातडी यांचा फरक मोठा आहे, हे मी विसरत नाही. तरीही स्पीड नदीच्या काठाने जाताना त्यांची आठवण येते.

आपल्याला अधिक जवळची गोष्ट १९५५ ची. कॅनडाने जमैका आणि बार्बाडोसहून घरकामासाठी बायका आणायची योजना काढली. अटी अशा: वय १८ ते ३५, लग्न झालेले नसावे, मूल नसावे, आणि वर्षभर एका घरी काम करावे. त्यानंतर इथे राहता येई. मॉरिशसच्या कायद्याला बायको हवी होती, तिचे काम दिसत नव्हते. या योजनेला काम हवे होते, तिचे मूल नको होते. दुसऱ्यांच्या लेकरांना सांभाळायला आलेल्या बाईने स्वतःचे लेकरू असल्याचे लपवावे अशी ती अट. पुढे सत्तरच्या दशकाच्या अखेरीस, मुले सांगितली नाहीत म्हणून सात जमैकन आयांना देशाबाहेर काढायचे ठरले. त्या लढल्या आणि राहिल्या.

इथल्या कायद्यांत चांगलेही पुष्कळ आहे आणि ते आपण वापरले पाहिजे. १९७१ पासून बेकारी विम्यातून बाळंतपणाचे १५ आठवडे मिळू लागले. ओंटारिओचा १९८७ चा वेतन समानता कायदा तर वर्गात शिकवण्यासारखा आहे. एकाच कामाला एकच पगार, एवढ्यावर तो थांबत नाही. बायका बहुसंख्येने करतात ते काम आणि पुरुष करतात ते वेगळे काम, यांची कौशल्य, श्रम, जबाबदारी आणि कामाची परिस्थिती या चार कसोट्यांवर तुलना करायला तो सांगतो. दहा किंवा अधिक कामगार असलेल्या खासगी मालकालाही तो लागू आहे. आपल्यातल्या किती जणींनी आपल्या कामाच्या ठिकाणी याची चौकशी केली असेल?

कारण कामाची ठिकाणे बदलली, काम तेच राहिले. वृद्धाश्रमातली पर्सनल सपोर्ट वर्कर, डे-केअरमधली बाई, नर्स, सफाईवाली. म्हाताऱ्यांना उठवणे, मुलांना भरवणे. कोविडमध्ये वृद्धाश्रमातल्या पर्सनल सपोर्ट वर्कर्सना तासाला तीन डॉलर वाढवून द्यावे लागले आणि नंतर २०२२ मध्ये ती वाढ कायम झाली. पण त्याच ओंटारिओने २०१९ मध्ये कायदा करून नर्सेस आणि इतर सार्वजनिक नोकरांची पगारवाढ वर्षाला एक टक्क्यावर बांधली होती. कोर्टाने तो मोडला. पाळणाघराचे म्हणाल, तर क्वेबेकने १९९७ मध्येच पाच डॉलरचे पाळणाघर केले. ओंटारिओने केंद्राशी करार केला तो २८ मार्च २०२२ ला, आणि २०२५ पासून योजनेतल्या केंद्रांची फी दिवसाला २२ डॉलरच्या वर जात नाही. जागा मिळाली तर. मिळेपर्यंत आपली आजी आहेच.

शेवटी एक उपयोगाची माहिती, कारण ती आपल्या बऱ्याच घरांत पोचलेली नाही. कॅनडा पेन्शन प्लॅनमध्ये मुले वाढवण्यासाठीची तरतूद आहे. मूल सात वर्षांचे होईपर्यंत आईने नोकरी सोडली असेल किंवा कमी तास केले असतील, तर ती कमी कमाईची वर्षे पेन्शनच्या सरासरीतून वगळता येतात आणि पेन्शन वाढू शकते. १९५८ नंतर जन्मलेल्या मुलांसाठी हे लागू आहे. मूल परदेशात जन्मले असेल तर ते कॅनडात कधी आले ती तारीख द्यावी लागते. हे आपोआप होत नाही, अर्ज करावा लागतो. अर्जात मुलाचे नाव, जन्मतारीख आणि सांभाळ मुख्यतः कोणी केला हे लिहायचे असते. साठी ओलांडलेल्या ज्या भगिनींनी अजून तो भरलेला नाही, त्यांनी मुलांचे जन्मदाखले काढून ठेवावेत. इंग्रजी फॉर्मची अडचण वाटली तर घरातल्या नातवंडांना शेजारी बसवून घ्यावे.