फ्रिजचं दार

तर झालं असं, की गेल्या शनिवारी आम्ही घर बदललं आणि फ्रिजचं दार लागेना. म्हणजे लागायचं, पण हात काढला की हळूच बोटभर उघडायचं. टेंपोवाल्याने जिन्यातून आणताना कुठेतरी आपटलं असणार असं गृहीत धरून मी मनातल्या मनात त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला आणि चौकातल्या दुकानातून मेकॅनिक काकांना बोलावलं.

काकांनी फ्रिजकडे फारसं पाहिलंच नाही, आधी फरशीकडे पाहिलं. मग खिशातून दहाची नोट काढून दाराच्या फटीत धरली, दार लावलं आणि नोट ओढली. हँडलच्या बाजूला वर सहज निघाली, बिजागरीच्या बाजूला अडकली. मग खाली बसून पान्याने पुढचे दोन पाय जरा वर उचलले. "फ्रिजचं नाक वर पाहिजे साहेब, मग दार आपल्या वजनानंच मागं जातं." एका कोपऱ्यात रबर चेपलं होतं, ते बायकोच्या हेअर ड्रायरने गरम करून बोटांनी सरळ केलं. पुन्हा नोट. ह्या वेळी अडकली. वीस मिनिटांचं काम. टेंपोवाल्याची मनातल्या मनात माफी मागितली.

जाता जाता मी विचारलं, "काका, ह्या दाराला खटका का नसतो हो?"

"पूर्वी असायचा की. आता रबरात लोहचुंबक असतं."

"का बदललं?"

"स्वस्त पडत असेल."

रविवारी त्यावर वाचत बसलो. उत्तर स्वस्ताईचं नाही निघालं.

फ्रिजच्या आधी अमेरिकेतल्या घरांत बर्फाची पेटी असायची. लाकडी कपाट, आत जस्ताचा पत्रा, वरच्या कप्प्यात बर्फाची लादी, आणि दाराला जाडजूड खटका. थंडावा आत राहायचा तर दार दाबून बसवायला हवं, म्हणून खटका. विजेचे फ्रिज आले तेव्हा दाराची ही पद्धत तशीच पुढे आली. १९२७ साली जनरल इलेक्ट्रिकने 'मॉनिटर टॉप' काढला. डोक्यावर गोल कॉम्प्रेसर घेऊन उभं असलेलं ते धूड एका जुन्या युद्धनौकेच्या तोफेच्या बुरुजासारखं दिसायचं, म्हणून ते नाव. त्याचंही दार खटक्याचंच. त्या काळचं रबर कडक होतं, नुसतं टेकवून हवा अडत नसे. खटका दाबला की रबर आवळलं जायचं आणि फ्रिज हवाबंद व्हायचा. इंजिनियर म्हणून बघितलं तर उत्तम डिझाइन. रिक्वायरमेंट पूर्ण, टेस्ट पास.

फक्त एक युज केस कोणी लिहिली नव्हती. आत माणूस असला तर?

फ्रिज जुना झाला की लोक तो मागच्या अंगणात, गॅरेजमध्ये किंवा उकिरड्यावर टाकायचे. आणि लपाछपी खेळणाऱ्या पोराला ह्याहून चांगली जागा कुठे मिळणार? आत शिरायचं, दार ओढून घ्यायचं, खटका बाहेरून आपोआप पडायचा. आतून उघडायची सोयच नाही. हवा थोडी, आणि भिंतीत उष्णता अडवायला भरलेलं जाड अस्तर आवाजही अडवणार. घरचे चार पावलांवर हाका मारत फिरतायत आणि त्यांना काही ऐकू येत नाही, असं चित्र डोळ्यासमोर आणून बघा. अमेरिकेत अशा बातम्या चाळीस-पन्नासच्या दशकांत वर्षानुवर्षं येत राहिल्या.

शेवटी २ ऑगस्ट १९५६ रोजी अध्यक्ष आयसेनहॉवर यांनी 'रेफ्रिजरेटर सेफ्टी अॅक्ट'वर सही केली. कायदा एवढासा आहे. एका राज्यातून दुसऱ्या राज्यात विकायला जाणारा प्रत्येक घरगुती फ्रिज आतून सहज उघडता आला पाहिजे. नाहीतर एक वर्षापर्यंत कैद, किंवा हजार डॉलरपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पण 'सहज' म्हणजे किती? हे ठरवायला वाणिज्य खात्याला वर्षभराची मुदत दिली होती, आणि इथून गोष्ट खरी विलक्षण होते.

कारण हे कागदावर ठरवता येत नव्हतं. कोंडलेलं मूल नक्की काय करतं हे कोणालाच माहीत नव्हतं. म्हणून कॅथरीन बेन, मॅरियन फेग्री आणि रॉबर्ट वायली यांनी प्रयोग केला. फ्रिजसारखी एक अंधारी पेटी, आत लपवलेला कॅमेरा, आणि २ ते ५ वर्षांची २०१ मुलं! दार आतून उघडायच्या सहा वेगवेगळ्या तऱ्हा लावून पाहिल्या, त्यातल्या दोन तर मुलांचं वागणं बघून प्रयोग चालू असतानाच तयार केलेल्या. १९५८ साली 'पीडिअॅट्रिक्स' ह्या नियतकालिकात निष्कर्ष छापून आले.

आकडे बघा. ३९ टक्के मुलांनी बाहेर पडायची नीट खटपट केली. ३७ टक्क्यांनी आरडाओरडा, आदळआपट केली. आणि २४ टक्के मुलांनी जवळजवळ काहीच केलं नाही, नुसती बसून राहिली. त्याहून अस्वस्थ करणारी गोष्ट पुढे आहे. दोन वर्षांच्या मुलांपैकी फक्त ६ टक्के गप्प राहिली, पण पाच वर्षांच्या मुलांपैकी ५० टक्क्यांनी हाकसुद्धा मारली नाही. आपण ज्याला शहाणं, समजूतदार पोर म्हणतो, ते अंधारात अडकलं की तोंड मिटून बसतं. मी हे वाचून बराच वेळ स्क्रीनकडे बघत बसलो होतो.

असा प्रयोग आज कोणी करू देईल का? मला नाही वाटत. बहुतेक मुलं तीन मिनिटांच्या आत बाहेर आली होती, आणि सुमारे आठ महिन्यांनी काही आयांना भेटून मुलांवर परिणाम राहिला का हेही विचारलं गेलं. तरीही पेटीत माझी भाची असती तर मी सही केली असती का, ह्याचं उत्तर मला देता येत नाही. आणि ह्या प्रयोगाशिवाय दुसरा मार्ग काय होता, ह्याचंही नाही.

१ ऑगस्ट १९५७ ला मानक प्रसिद्ध झालं. दाराच्या उघडणाऱ्या कडेवर आतून १५ पौंड, म्हणजे सुमारे सात किलो, इतका जोर लावला की दार उघडलंच पाहिजे. ३० ऑक्टोबर १९५८ पासून ते लागू झालं. मजा म्हणजे कायद्यात चुंबकाचा 'च'सुद्धा नाही. काय साधायचं ते सांगितलं, कसं ते कारखानदारांवर सोडलं. स्पेसिफिकेशन असंच लिहावं! आमच्या क्लायंटला पाठवायला हवं ;-)

चुंबक योग्य वेळी हाताशी आला, हे मात्र नशीब. पन्नाशीच्या दशकाच्या सुरुवातीला हॉलंडच्या फिलिप्सने बेरियम फेराइटचे स्वस्त चुंबक आणले होते. त्याची पूड रबरात किंवा प्लॅस्टिकमध्ये मिसळली की वाकणारी चुंबकी पट्टी होते. ती मऊ गॅस्केटच्या पोटात घातली की ती स्वतःच पत्र्याला जाऊन चिकटते, दाबायला खटका लागत नाही. दाराच्या चारी कडांना सारखी ओढ, आणि आतून ढकललं की सुटतं.

(एक अवांतर. फ्रिज बंद करून लगेच उघडायला गेलं की दार घट्ट वाटतं, तो चुंबक नव्हे. आत शिरलेली ३० अंशांची हवा ५ अंशांवर आली तर दाब साधारण ८ टक्क्यांनी उतरतो. साठ सेंटिमीटर बाय एक मीटरच्या दारावर हे जवळजवळ ५०० किलो होतात! प्रत्यक्षात थोडीच हवा बदलते आणि रबराच्या फटीतून, पाणी जायच्या नळीतून दाब लगेच सारखा होतो, म्हणून आपण दूध काढू शकतो.)

पण कायदा नव्या फ्रिजसाठी होता. जुने खटकेवाले वीस-वीस, तीस-तीस वर्षं जगत राहिले. आपल्याकडे गोदरेजने फ्रिज बनवायला सुरुवात केली तीही १९५८ सालीच. पण आपल्याकडे फ्रिज मरतच नाही. बिघडला की त्याचं कपाट होतं.

हे लिहिता लिहिता एकदम आठवलं आणि सांगलीला फोन लावला. आमच्या मागच्या पडवीत आजोबांच्या वेळचा फ्रिज आहे, खटक्याचा. आई त्यात पापड-कुरडया ठेवते.

"आई, त्या फ्रिजचा खटका काढून टाक. मे महिन्यात पोरं येतात सगळी."

"अरे, मग दार कसं लागणार? उंदीर शिरतील."

तिला सगळं सांगितलं. पलीकडे जरा शांतता. मग म्हणाली, "तू लहानपणी एकदा त्यात बसला होतास. बाबांनी बघितलं म्हणून." मला ह्यातलं काहीही आठवत नाही.

संध्याकाळी बाबांचा फोन आला. खटका काढला, कपाटाला असतात तसली दोन चुंबकाची कॅच आणून लावली, आतून एका हाताने ढकलून पाहिलं, उघडतं. नोटेची युक्ती मी सांगितली होतीच. खाली अडकते, वर सैल आहे म्हणे. पुढच्या शनिवारी जातोय, पाना घेऊन.