मिलो, मोल्सवर्थ आणि शिकागोचे ग्रंथपाल

ग्रंथपाल म्हटले की नाकावर घसरलेला चष्मा आणि हाती दंडाची पावती, एवढेच चित्र आपल्या डोळ्यांपुढे उभे राहते. परंतु गेल्या तीसएक वर्षांत मोठमोठ्या विद्यापीठांच्या ग्रंथालयांत एक नवाच उद्योग सुरू झाला आहे. जुने ग्रंथ संगणकात घालायचे, ते कोणालाही घरबसल्या धुंडाळता येतील अशी सोय करायची, आणि ती सोय वर्षानुवर्षे चालू ठेवायची. या उद्योगाचा इतिहास तसा रुक्षच. पण त्यातला एक अध्याय आपल्या मराठीचा आहे आणि तो घडला अमेरिकेत, शिकागोस.

त्याची सुरुवात मात्र धान्यापासून करावी लागते. १९५४ साली अमेरिकेने ‘पीएल ४८०’ या नावाने ओळखला जाणारा कायदा केला. त्याअन्वये आपल्याकडे गहू आला, आणि रेशनच्या दुकानांतून ज्याच्या लाल भाकरीला आमच्या वडीलधाऱ्यांनी नाके मुरडली तो मिलोही आला. या धान्याची किंमत आपण रुपयांत चुकवीत होतो. ते रुपये अमेरिकेला सहजी बाहेर नेता येईनात. ते इथेच खर्चायचे. मग त्यांतला काही वाटा पुस्तकांकडे वळला. १९६२ साली अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने दिल्लीस कचेरी थाटली आणि भारतीय भाषांतली पुस्तके विकत घेऊन तिकडच्या निवडक ग्रंथालयांना धाडण्यास आरंभ केला. शिकागो विद्यापीठ त्यांतलेच एक. आपण मिलो खाल्ला आणि त्यांना कथा-कादंबऱ्या मिळाल्या! सौद्यात कोण जिंकले, ते वाचकांनीच ठरवावे.

पुस्तके आली म्हणजे ती ओळखणारी माणसेही लागतात. शिकागोच्या ग्रंथालयात दक्षिण आशियाचा विभाग उभा राहिला, आणि त्याचे ग्रंथपाल जेम्स नाय यांच्या पुढाकाराने १९९९ च्या सुमारास भारतीय उपखंडातील कोश संगणकावर आणण्याचे काम सुरू झाले. एकूण सव्वीस भाषा धरल्या होत्या. पैसा अमेरिकेच्या शिक्षणखात्याचा आणि तोही मुदतीचा. मराठीसाठी त्यांनी निवडला मोल्सवर्थ.

मोल्सवर्थचा कोश पहिल्यांदा १८३१ साली निघाला. संगणकावर घेतली ती १८५७ ची वाढवलेली दुसरी आवृत्ती. सुमारे साठ हजार शब्द. मुखपृष्ठावर मोल्सवर्थचे नाव आणि साहाय्यक म्हणून जॉर्ज व टॉमस कँडी या बंधूंचे. ज्या शास्त्रीमंडळींनी शब्द वेचून दिले, त्यांची नावे तिथे नाहीत. असो.

या कोशाचे पान ज्याने पाहिले असेल त्याला ठाऊक आहे की ते पान नव्हे, भरगच्च वखार आहे. देवनागरी आणि इंग्रजी एकमेकांत गुंतलेली. शब्दाचे लिंग, शब्द संस्कृत की अरबी-फारसी त्याचे एकाक्षरी खुणेने सांगणे, मग अर्थ, मग वाक्प्रचार, मग म्हणी. अशा पानाचे नुसते छायाचित्र घेतले तर डोळ्यांना दिसते, यंत्राला कळत नाही. यंत्राला प्रत्येक ठिकाणी सांगावे लागते की हा मूळ शब्द, हे त्याचे व्याकरण, इथून अर्थ सुरू झाला. त्यात त्या काळी देवनागरीचे प्रत्येक टंकाचे खाते निराळे. एका टंकात लिहिलेले दुसऱ्यात उघडले की नुसती चिन्हांची खिचडी! युनिकोड नावाची सामाईक पद्धत १९९१ पासून होती, पण ती रुळायला वेळ लागला.

आणि एवढे सगळे करूनही गाडी अडते ती अनुस्वारापाशी. माझा अनुभव सांगतो. एका कादंबरीसाठी मला शेतमळ्यावरचे जुने शब्द हवे होते. मोट, नाडा हे झटकन सापडले. ‘केळे’ शोधले तर पंचाईत. कारण मोल्सवर्थच्या काळी ते ‘केळें’ होते. असले न उच्चारले जाणारे अनुस्वार आपल्या साहित्य महामंडळाने काढून टाकले आणि सरकारने ते नियम मान्य केले १९६२ साली, म्हणजे दिल्लीची ती कचेरी उघडली त्याच वर्षी. आता हे यंत्राला काय ठाऊक? ते त्याला कोणीतरी सांगावे लागते, नाहीतर निदान वाचकाला तरी सांगावे लागते. मला वाटते, खरा ग्रंथपाल तो इथेच. यंत्र विकत मिळते. टिंब कुठे गेले हे माहीत असलेला माणूस बाजारात मिळत नाही.

मोल्सवर्थच्या जोडीला तिथे आता आणखी कोश आहेत. दाते-कर्व्यांचा महाराष्ट्र शब्दकोश, जो पुण्यात १९३२ पासून १९५० पर्यंत खंडाखंडाने निघत होता, फलटणला राहून मराठीत मुरलेल्या मॅक्सीन बर्नसन यांचा, आणि शं. गो. तुळपुळे व अ‍ॅन फेल्डहाउस यांचा १९९९ चा जुन्या मराठीचा. वापरायला एक पैसा पडत नाही.

पण पैसा कुणाचा तरी पडतोच. कागदी कोश एकदा कपाटात ठेवला की वाळवी लागेपर्यंत निवांत असतो. संगणकातला कोश तसा राहू शकत नाही. यंत्रे जुनी होतात, पद्धती बदलतात, आणि दर काही वर्षांनी सगळा संसार उचलून नव्या घरी मांडावा लागतो. अनुदानाची मुदत संपली तरी हे संपत नाही. ते काम ग्रंथालयाने आपल्या रोजच्या कामात धरले, म्हणून आज रात्री दहा वाजता शाळेच्या वह्या तपासून झाल्यावर मी शब्द शोधू शकतो. आमच्या गावच्या वाचनालयात दाते-कर्व्यांच्या कोशाचे चारच खंड उरले आहेत. बाकीच्यांसाठी मी शिकागोला जातो.