काश्मीरच्या सरोवरांतील मासेमारी

जमीनमहसुलाच्या बंदोबस्तानिमित्त अवघे काश्मीर खोरे पायांखाली घालून वॉल्टर लॉरेन्स यांनी 1895 साली जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात वुलर व दल सरोवरांवर उपजीविका करणाऱ्या हांजी मच्छीमारांची सविस्तर हकीकत आढळते. वसंतात हिम वितळून ओढे फुगले, की देशी मासा अंडी घालण्यासाठी प्रवाहाविरुद्ध चढतो. परंतु ज्याचे कौतुक करावे ते कसब हिवाळ्याचे: अंचार सरोवराच्या गोठणाऱ्या थंडीत नावेच्या टोकाशी डोक्यावरून घोंगडी ओढून, पाण्यावर तिची सावली पाडून, तळाचा मासा त्या काळोखात दिसेपर्यंत हांजी निश्चल बसतो, आणि मग अणकुचीदार भाला अचूक उतरवतो. 1950 नंतर परकीय कार्प मासा या सरोवरांत सोडला गेला. तो फोफावला, आणि देशी मासा मागे हटला.