आजीचा कापूस आणि जपानी पाणबुडी

१४ एप्रिल १९४४च्या गोदीतल्या स्फोटाचा विषय निघाला की आबा पाणबुडीवर यायचे. जपान्यांची दोन माणसांची लहानशी पाणबुडी रात्री मुंबई बंदरात शिरली, व्हिक्टोरिया गोदीत दबा धरून बसली आणि दुसऱ्या दिवशी तिने ‘फोर्ट स्टिकीन’ हे जहाज उडवून दिलं, असं ते सांगत. ते स्वतः गोदीत टॅली क्लार्क. तेव्हा गोदीच्या बाबतीत घरात त्यांच्यापुढे कोण बोलणार? चाळीतल्या इतर म्हाताऱ्यांकडेही थोड्याफार फरकाने हीच गोष्ट होती.

ती अगदीच हवेतली नव्हती. ३१ मे १९४२च्या रात्री अशाच तीन छोट्या पाणबुड्या सिडनी बंदरात घुसल्या होत्या आणि तिथे ‘कुट्टाबुल’ नौकेवरचे २१ खलाशी मेले. त्याच्या आदल्याच रात्री मादागास्करच्या दिएगो सुआरेझ बंदरात अशाच हल्ल्यात एक ब्रिटिश युद्धनौका जखमी झाली, एक तेलवाहू जहाज बुडालं. सिडनीला छोटी पाणबुडी घेऊन गेलेल्या ‘आय-२७’ या मोठ्या पाणबुडीनेच फेब्रुवारी १९४४मध्ये मालदीवजवळ ‘खेदिव इस्माइल’ जहाज बुडवलं आणि जवळजवळ तेराशे माणसं गेली. मुंबईच्या स्फोटाला तेव्हा दोनच महिने उरले होते. जपानी पाणबुडीची भीती खरी होती, आणि ज्यांनी ती बाळगली त्यांना मी भोळे म्हणणार नाही.

पण व्हिक्टोरिया गोदी म्हणजे सिडनीसारखी उघडी खाडी नव्हे. चारही बाजूंनी दगडी भिंती आणि भरतीच्या वेळी उघडणारं फाटक. ती छोटी पाणबुडी नुसत्या बॅटरीवर चाले. मोठ्या पाणबुडीने तिला बंदराच्या तोंडापर्यंत आणून सोडायचं, तिथून तिने बंदर ओलांडायचं, जहाजांच्या रांगेतून फाटकात शिरायचं आणि हे सगळं कुणाच्याही नजरेस न पडता. माझा विश्वास बसत नाही.

त्याहून मोठी अडचण आबांच्याच गोष्टीत होती. जेवणाच्या सुट्टीनंतर दोन नंबरच्या फाळक्यातून धूर येताना दिसला, बंब आले, नळ्या लावल्या, माणसं पाणी मारत राहिली, हेही तेच सांगत. पहिला स्फोट झाला चार वाजून सहा मिनिटांनी, दुसरा चार चौतीसला. म्हणजे दोन तासांहून अधिक काळ जहाज आतून जळत होतं. पाणतीर लागलेलं जहाज असं धुमसत बसत नाही.

आणि आजीचा कापूस. डोंगरीच्या खोलीत ती तांदूळ निवडत बसली होती. फळीवरचे डबे धडाधड खाली आले, तिने सूप टाकून बाहेर धाव घेतली, तर आभाळातून पेटता कापूस पडत होता. गॅलरीच्या कठड्यावर पडलेला एक गोळा तिने पाण्याची कळशी ओतून विझवला. पाणबुडीच्या गोष्टीत हा कापूस आला कुठून, हे आम्ही कुणी कधी विचारलं नाही.

तो आला कराचीहून. जहाजावर आधीच सुमारे १,४०० टन स्फोटकं होती. त्यांच्याच फाळक्यांमध्ये कराचीला कापसाच्या ८,७०० गासड्या भरल्या. बरोबर वंगणाची पिंपं आणि लाकूड. स्फोटकं खरं तर बाहेर बंदरात पडावांवर उतरवायची असायची, पण युद्धाच्या घाईत जहाज सरळ धक्क्याला लावलं. स्फोटकं असल्याची खूण म्हणून लावायचा लाल बावटाही नव्हता. आग लागली ती बहुधा कुणाच्या तरी विडी-सिगारेटने. जहाज तिथेच बुडवायचं की बाहेर ओढून न्यायचं, याचा निर्णय कुणी शेवटपर्यंत घेतला नाही.

सरकारने बातमी दाबली. पहिली वाच्यता केली ती दुसऱ्या दिवशी, जपानच्या ताब्यातल्या सायगावच्या रेडिओने. मग लोकांनी जपानचं नाव घेतलं यात नवल काय? ऐकायला अशक्य वाटणारी दुसरी गोष्ट, की जहाजावरच्या १२४ सोन्याच्या विटांपैकी एक मैलभर उडून एका पारशी गृहस्थाच्या घरात छप्पर फोडून पडली, ती मात्र खरी आहे.

अग्निशमन दलाचे ६६ जवान गेले. त्यांचा आकडा आहे, दर १४ एप्रिलला त्यांना मानवंदना मिळते. रोजंदारीवर फाळक्यात उतरणाऱ्या माणसांचा धड हिशोबच लागला नाही. एकूण मृत कुणी आठशे म्हणतं, कुणी तेराशे. पाणबुडी खरी मानली की हे सगळे शत्रूच्या हातून मेलेले ठरतात आणि माल कसा भरला, जहाज कुठे लावलं, हा प्रश्न कुणालाच विचारावा लागत नाही. मला त्या पाणबुडीचा राग येतो तो यासाठी.

आबांना मी हे सगळं सांगितलं तेव्हा ते खूप थकले होते. त्यांनी वाद घातला नाही. धक्क्यावर आग बघायला जमलेल्या माणसांची, टोळीतल्या मुकादमाची, बंबवाल्यांची आठवण काढली आणि म्हणाले, “पाणबुडी नव्हती म्हणतोस ना, मग मला एवढं सांग. दोन तास होते त्यांच्या हातात. आमच्या माणसांना तिथून हाकललं का नाही रे कुणी?”